सगळ्यांच्या पोथीतली चूक

फार जुनी गोष्ट आहे. राजे आणि रस्ते दोन्ही कच्चे होते तेव्हाची. मुलांनो, तुम्ही ऐकाच, पण मोठ्यांनीही ऐकावी. खरं तर त्यांनाच सांगून सांगून मी थकलो आहे.

तिठ्यावरच्या धर्मशाळेत एक म्हातारा वैद्य राहायचा. त्याच्याकडे औषधांची मोठी पोथी होती. कुणीही यावं आणि उतरवून घ्यावी. दाम नाही, दक्षिणा नाही. अट एकच, चूक सापडली तर येऊन सांगायची.

फुकट ते पौष्टिक! गावोगावचे वैद्य आले, पोथी उतरवून घेऊन गेले. परत आले ते कुरकुरायला. "अक्षर फार बारीक आहे, बुवा." "आमच्याकडच्या खरजेवर काहीच नाही की हो, कधी लिहिणार?" म्हातारा मान डोलवायचा आणि दिवसभर लिहीत बसायचा. पाठ वाकली, डोळे अधू झाले. "एखादं पान तरी कुणी लिहून आणा रे," असं तो म्हणायचा. पुढे तेही म्हणेनासा झाला.

डोंगरावरच्या एका वैद्याला पोथीत खरंच चूक सापडली. लहान मुलांच्या तापावर एक मुळी उगाळायची असते, तिथे चार लिहिल्या होत्या. त्याने आपल्या प्रतीत चाराचा एक केला आणि पोथी मिटली.

"म्हाताऱ्याला कळवायला नको का?" बायकोने विचारलं.

"एवढी तंगडतोड कोण करणार? त्याची पोथी, त्यानं बघावं."

पुढे जत्रेला जाताना तो धर्मशाळेवरूनच गेला. म्हाताऱ्याने हाक मारून विचारलं, "कुठं काही चुकलंय का हो?"

"एक असेल तर सांगू ना, बुवा!" असं हसत म्हणून तो पुढे निघून गेला. त्याला घाई होती.

या वैद्याची लेक नदीपलीकडे दिली होती. तिथल्या वैद्याने म्हाताऱ्याच्या पोथीवरूनच नवी प्रत उतरवली होती. लेकीच्या तीन वर्षांच्या मुलाला ताप आला आणि चार मुळ्या उगाळल्या गेल्या. मूल वाचलं, पण त्याचे कान गेले. आजोबा धावत गेला. अंगणात उभा राहून हाका मारत राहिला, आणि नातू पाठमोरा खेळतच राहिला.

आजोबा तसाच धर्मशाळेत आला. "तुमच्या पोथीनं माझा नातू बहिरा केला!"

म्हाताऱ्याने पोथी पुढे सरकवली. "मला आता दिसत नाही हो. कुठली ओळ, ते दाखवा."

वैद्याने नेमकं ते पान उघडलं आणि नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्हाला शोधावी लागली नाही," म्हातारा म्हणाला. तो चिडला नव्हता. चिडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने फक्त बोरू पुढे केला.

वैद्याने चार खोडून एक लिहिलं. दोन श्वासांचं काम होतं. मग तो तिथेच बसून ढसाढसा रडला.

सगळ्यांच्या पोथीतली चूक जो आपल्यापुरती सुधारतो, तो ती दुसऱ्याच्या लेकरासाठी तशीच ठेवतो, आणि ते लेकरू कधी आपलंच निघतं.