माराल्दाची भट्टी आणि दोन राजे

एकदा काय झालं, सातासमुद्रांपलीकडे, इटली देशाच्या दक्षिणेला दोन राजे होते. एक डोंगरावरचा, एक किनाऱ्यावरचा. दोघांचं हाडवैर. आणि लढाईला त्यांनी जागा कुठली निवडावी? तर माराल्दाच्या गावचं कापणीला आलेलं गव्हाचं शिवार! अख्ख्या गावाचं वर्षाचं पोट होतं त्यात, बरं का.

माराल्दा गावच्या भट्टीवर पाव भाजायची. ती तरातरा डोंगरावरच्या राजाकडे गेली. "अरे राजा, पलीकडे एवढा माळ मोकळा पडलाय. तिकडे जाऊन मरा की!"

राजा म्हणाला, "माळावर दगड आहेत, बाई. घोड्यांना टोचतील."

मग ती किनाऱ्यावरच्या राजाकडे गेली. तो म्हणाला, "आधी त्याला हलव. आणि हे बघ, पीठ पाठवतोय. लढाईआधी माझ्या शिपायांचे पाव तयार ठेव."

मेल्यांना घोड्यांची दया, माणसांची नाही! पाठोपाठ डोंगरावरच्याचंही पीठ आलं. गावात भट्टी एकच ना!

त्या मुलखाची रीत अशी, की सगळ्यांचे पाव एकाच भट्टीत, म्हणून ज्याच्या त्याच्या पावावर ज्याचा त्याचा ठसा. एका राजाचा गरुड, दुसऱ्याचा मासा. पण माराल्दाचं डोकं असं भणभणलेलं! कणीक तिंबता तिंबता ती बडबडत होती, "उद्या आमची लेकरं काय खातील? तुमचे गरुड?" आणि त्या रागात ठसे उठवायचेच विसरली.

मग काय नवल! भट्टीच बोलली, "राहू दे गं, माराल्दे. पुढचं मी बघते."

दोन्हीकडचे शिपाई आले. कुठला पाव कुणाचा, कळेना. हाती लागला तो खाल्ला.

मग शिंग फुंकलं. तलवारी उचलायला गेले, तर हातच उठेना! दुसऱ्यांदा फुंकलं. भाले जमिनीला चिकटलेले. तिसऱ्यांदा फुंकलं, तेव्हा एका शिपायानं समोरच्याला विचारलं, "काय रे, घरी कोण असतं तुझ्या?"

"आई. ती बघ, बांधावरची बाई ओरडतेय ना, तश्शीच आहे."

"एका भट्टीचं खाल्लंत," माराल्दा ओरडत होती, "आता विळे उचलून बघा!"

विळे फुलासारखे हलके! सगळे कापायला लागले.

"आम्ही राजे आहोत!" दोघे राजे फुरफुरले.

"मग पेंढ्या बांधा!" माराल्दा कडाडली. आणि बांधल्या हो त्यांनी, मुकाट्यानं.

गहू कणग्यांत गेला, शिपाई आपापल्या आईकडे गेले, सगळे सुखानं जेवले. आता तुम्हीही पांघरुणात शिरा पाहू.