गिरजाईचा थांबा

फार फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, कारण ज्यांना ठाऊक होतं ते गेले आणि उरलो आम्ही, ऐकलेलं सांगणारे. तेव्हा या घाटाखालच्या खोऱ्यात सडक नव्हती, बैलगाडीची चाकोरी तेवढी होती. माणसाचं सगळं चालायचं ते बैलाच्या जिवावर. बैल गेला की नांगर गेला, नांगर गेला की दाणा गेला, आणि मग चुलीपुढं नुसतं बसून राहायचं.

त्या साली घाटमाथ्यावर बुळकांडी आली. बुळकांडी म्हणजे गुरांची मरी. जनावराच्या तोंडातून लाळेची तार लागते, डोळे पाझरतात, पोट पाण्यासारखं वाहतं, आणि धडधाकट बैल बघता बघता गोठ्यात बसतो तो पुन्हा उठत नाही. असं म्हणतात की वरच्या गावांत गिधाडं खाऊन खाऊन इतकी जड झाली होती की त्यांना उडता येईना, ती माणसांसारखी वाटेनं चालत. गोठ्यांतल्या घंटा थांबल्या आणि त्या शांततेनंच लोकांची झोप उडाली.

माणसं भ्याली. भ्यालेला माणूस आजा-पणजानं जे केलं तेच करतो. त्यांनी आईचा, म्हणजे रोगाच्या देवीचा, गाडा काढला.

आता गाडा म्हणजे काय ते ऐका. एक लाकडी गाडा घ्यायचा, त्यावर आईच्या नावानं हिरवं लुगडं, लिंबं, दहीभात ठेवायचा, आणि गावातल्या जनावराचं एक दावं त्यावर टाकायचं. मग गावातली उत्तम बैलजोडी जुंपून, हलगी वाजवत तो पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. त्या गावानं आपली जोडी जुंपायची, आपलं दावं टाकायचं आणि तो आणखी पुढं ढकलायचा. आई गावातून पुढं गेली की रोगही तिच्यामागं जातो, असा सगळ्यांचा समज होता. तो मोडायची छाती कुणाला होती?

खोऱ्याच्या तोंडाशी वाघदरं नावाचं गाव, आणि ओढा ओलांडला की निवळी. निवळीत बायजा नावाची एक सून होती. तिचं माहेर वाघदऱ्यातलं. तिची आई गिरजा, विधवा बाई, आणि वाघदऱ्यात गाडा ओढायचा मान गिरजेच्याच घराचा. कवड्या आणि हरण्या ही तिची जोडी सगळ्या खोऱ्यात नावाजलेली होती.

बायजाच्या कडेवर तान्हं पोर होतं. तिला अंगावर दूध आलं नव्हतं. दारच्या कपिली गाईचं दूध बोंडल्यानं पाजून ती ते पोर जगवत होती. म्हणजे गाय गेली असती तर पोरही गेलं असतं. हे सासरी कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण ज्याची त्याची नजर आधी गोठ्याकडं जायची आणि मग पाळण्याकडं.

हलगी रोज थोडी जवळून ऐकू यायची. ती वाजू लागली की बायजा धावत जाऊन गोठ्याचं कवाड लावायची, जणू रोग त्या आवाजावरच बसून येणार होता. तिला एकच विचार खात होता. गाडा आपल्या दारी येणार, आणि तो ओढून आणणार आपल्या आईचेच बैल.

शेवटी तो दिवस आला. निवळीची माणसं आपली जोडी घेऊन ओढ्याच्या अलीकडं उभी राहिली. बायका आरतीची ताटं घेऊन आल्या, त्यांत बायजाही होती. समोरच्या उतारावर गाडा दिसला. कवड्या-हरण्या जुंपलेले, आणि कासरा बायजाच्या चुलत्याच्या, रावजीच्या हातात. तिची आई मात्र कुठं दिसेना.

गिरजा गावात नव्हतीच. माथ्यावरच्या बहिणीची खबर घ्यायला म्हणून ती गेली होती. तिथं तिनं ओस गोठे पाहिले आणि येताना वाटेतल्या प्रत्येक गावात एकच विचारलं, की पहिलं कोणतं जनावर मेलं. जिथं तिथं उत्तर एकच मिळालं. गाडा ओढणारी जोडी. ते ऐकून ती पळत सुटली, पण तोवर रावजीनं घरचा मान चुकू नये म्हणून तिचे बैल जुंपले होते.

ती मागून धावत आली ती थेट बैलांच्या पुढ्यात उभी राहिली. पदर सुटलेला, पायांतून रक्त येत होतं. हलगी थांबली.

"वैनी, बाजूला व्हा," रावजी म्हणाला. "आईचा कोप झाला तर गाव बसंल."

"ह्या जुवाकडं बघा," गिरजा म्हणाली. "समद्या गावच्या बैलांची लाळ हाय त्याच्यावर. आई गाड्यात बसून येत न्हाई, भावजी. आपुनच तिला वढून आनतो. कोप हुयाचा तर माज्यावर हू दे. गाडा हितनं हलायचा न्हाई."

रावजीनं कासरा टाकला. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. जू बैलांच्या मानेवर पडलं होतं, म्हणजे कवड्या-हरण्याही आता घरी न्यायचे नव्हते. गिरजेनं त्यांना सोडलं, तोंडावरून हात फिरवला, आणि सगळ्यांना सांगितलं की बैल इथंच राहतील आणि मीही इथंच राहीन. लोक एकेक करून निघून गेले. जाताना कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. आईचा गाडा शिवेवर अडवला होता, आता आभाळ कोसळतं की काय, याचीच सगळे वाट बघत होते.

बायजा आईकडं धावली. गिरजा ओरडली, "थितंच ऱ्हा." तिनं चुलीची राख मागवून घेतली होती, ती तिनं मधे रेघ ओढावी तशी पसरली. "माज्या लुगड्याला लाळ लागलीया. तुज्या दारात गाय हाय. म्या हाक दिली न्हाई, काय बी झालं, तरी ही रेघ वलांडू नगंस."

तिनं बाभळीच्या शिऱ्या, म्हणजे काटेरी फांद्या, तोडून आणल्या आणि ओढ्याकाठी स्वतःभोवती, बैलांभोवती कुंपण घातलं. बायजा रोज भाकरी घेऊन यायची, राखेअलीकडच्या एका धोंड्यावर ठेवायची आणि मागं सरायची. कुंपणाआडून आवाज यायचा, "बायजे, किती लांब हाईस?"

"लांब हाय मी, आये."

मग गिरजा बाहेर यायची, भाकरी उचलायची आणि आत जायची. दोघींचं बोलणं ते एवढंच.

पुढं कवड्या बसला आणि त्याच्यामागं हरण्या. गिरजेनं एकटीनं पहारीनं खड्डा खणला. असं म्हणतात की तो विहिरीएवढा खोल होता आणि पहारीचे घाव दोन्ही गावांना पायाखाली जाणवत होते. तिनं बैल पुरले, जू पुरलं, गाडा, दावी, हिरवं लुगडं, सगळं पुरलं. असंही म्हणतात की माथ्यावरून दावी तोडून पळालेला एक आजारी कळप ओढ्याकडं झेपावत आला आणि तिच्या एका हाकेसरशी जागच्या जागी खाली बसला. तो कळपही तिनंच मातीआड केला. खरंखोटं मी बघायला नव्हतो. पण वाळलेल्या शिऱ्यांनी मूळ धरलं आणि त्यांना पालवी फुटली, ती बाभूळ मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

तरी गावांची भीती जाईना. गाय नुसती शिंकली तरी लोक गोठ्यात धावायचे. कुणी म्हणे आई शांत झालेली नाही, कुणी म्हणे ती गिरजेच्या अंगात शिरली आहे. बायजा ऐकायची आणि भाकरी थापायची.

एके दिवशी हाक आली नाही.

"लांब हाय मी, आये," बायजा आपणहून म्हणाली. कुंपण गप्प. तिनं पुन्हा सांगितलं, जोरानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा कालची भाकरी धोंड्यावर तशीच होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

राखेची रेघ एक पाऊल रुंद होती. पलीकडं आई तापानं पडली असेल, पाणी मागत असेल, किंवा कसलंच काही मागत नसेल. बायजाचा पाय दोनदा उचलला गेला. पदर दातांत धरून ती रडत उभी राहिली. दिवस कलला, गावाकडून कपिलीचं हंबरणं ऐकू आलं. धारेची वेळ झाली होती आणि घरी पोर भुकेलं होतं. "लांब हाय मी, आये," एवढंच ती म्हणाली, आणि वळून घरी गेली.

निवळीत एकही जनावर दगावलं नाही. खालच्या कोणत्याच गावात दगावलं नाही. गिरजेला कुंपणाबाहेर येताना कुणी पाहिलं नाही आणि आत शोधायला कुणी गेलं नाही. बायजाचं पोर वाढलं, त्याला पोरं झाली, आणि त्यांच्याच तोंडून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

त्या जागेला आजही गिरजाईचा थांबा म्हणतात. बाजारातून नवं जनावर आणलं की ते आधी थांब्याशेजारी बांधतात, एक चंद्र जाऊन दुसरा दिसेपर्यंत. त्याचं दावं वेगळं, बादली वेगळी, आणि त्याचं वैरणपाणी करणारा पाय धुतल्याशिवाय घरच्या गोठ्यात जात नाही. जनावरांचे डॉक्टर तिथंच येऊन तपासतात. कोंबड्या, बियाणं, रोपंसुद्धा तिथं थांबतात. मागं माणसांची मोठी साथ आली, तेव्हा शहरातून परतलेली पोरं न सांगता तिथं खोपटी घालून राहिली. त्यांच्या भाकरी धोंड्यावरच ठेवल्या जायच्या.

गाडा मात्र त्या खोऱ्यात पुन्हा निघाला नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांची मिरवणूक थांब्याच्या वाटेनं नेत नाहीत. तिथं फक्त लेकी जातात, सासरच्या आणि माहेरच्या. धोंड्यावर भाकरी ठेवतात, मागं सरतात आणि म्हणतात, "लांब हाय मी, आये." मग जरा वेळ उभ्या राहतात. आतून आवाज येणार नाही हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. तरी उभ्या राहतात, आणि मग घरी जाऊन गाईची धार काढतात.