वर न आलेली तक्रार

खाडीतली लाँच बुडाली, तीत वत्सला तांडेलचा धाकटा भाऊ गेला. गावाचं सुतक फिटतंय न फिटतंय तोच तालुक्याला जलवाहतूक सुरक्षा मंडळाची सभा भरली. मंडळाला पुढच्या वर्षी निधी किती आणि कशासाठी द्यायचा, हे मंत्री तिथेच ठरवणार होते. वत्सला मागच्या रांगेत जाऊन बसली.

मंडळाचे अध्यक्ष दळवीसाहेब भलतेच रंगात आले होते. पडद्यावर नव्या मुख्यालयाची चित्रं झळकत होती. काचेच्या भिंती काय, गारेगार दालनं काय! "याला म्हणतात आधुनिकीकरण," ते म्हणाले. लाँचवरच्या जीवरक्षक जॅकेटांचं त्यांनी नावही काढलं नाही.

मंत्र्यांनी विचारलं, "आणि यंदाची कामगिरी?"

"उत्तम, साहेब! वर्षभरात प्रवाशांची एकही तक्रार वर आली नाही."

वत्सला उभी राहिली.

"कशी येईल, साहेब? तक्रार करणारी माणसंच वर आली नाहीत."

दळवीसाहेबांची मान खाली गेली. मंत्र्यांनी पडदा बंद करायला लावला. "मुख्यालय राहू द्या. सगळा पैसा आधी लाँच आणि जॅकेटांवर खर्च करा."

बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "बरं सुनावलंस गं." ती धक्क्याकडे चालू लागली. जॅकेटं यायला अजून अवकाश होता, आणि घर खाडीपलीकडे. ती लाँचमध्ये चढली, कठडा घट्ट धरून बसली आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत तिनं पाण्याकडे पाहिलं नाही.