वेळशेतचा गुरव हात का जोडत नाही

वेळशेतच्या रवळनाथाच्या देवळात आलात की एक गोष्ट तुमच्या नजरेला पडेल. गुरव देवाला अंघोळ घालतो, गंध उगाळतो, फूल वाहतो, तुमच्या हातावर तीर्थ देतो. सगळं अगदी नीट. मात्र सगळं झाल्यावर तो हात जोडत नाही. कळशी उचलतो आणि बाहेर येतो.

पाहुणे मग पायरीखालच्या माझ्या दुकानात येऊन विचारतात. खरं तर नारळ-उदबत्ती विकणाऱ्याने ही गोष्ट सांगू नये. मागे एका गृहस्थाने ती ऐकून नुकताच घेतलेला नारळ परत केला होता. मी हसत घेतला, करणार काय? तुम्हीही बसा, कोकम सरबत घ्या.

असे सांगतात, की खाडीवर पूल नव्हता त्या काळी इथे सोनू नावाचा गुरव होता. त्याच्या हातचा कौल म्हणजे गावाचा शेवटचा शब्द. देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. लग्न असो, पेरणी असो, पाकळी पडल्याशिवाय गाव हलत नसे. उशीर झाला की माणसं कुरकुरत, तेव्हा सोनू म्हणे दटावायचा, "देव काय तुमचो गडी आसा?"

त्याची एकुलती एक मुलगी द्वारकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या, दिवस वर आला, तरी सुटका होईना. मूल आडवं होतं. भागी सुईण बाहेर येऊन म्हणाली, "ह्या काम माज्या हातातला नाय. पलतडी वैदणीकडे न्हेवा."

भरती चढलेली होती. बुधा खारव्याने होडी काठाला लावून तिच्यात गवत अंथरलं. द्वारकीला खाटेसकट उचलून काठावर आणलं. आणि सोनू देवळात गेला. दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर कौलावाचून त्याने होडी सोडू दिली नसती. मग स्वतःच्या मुलीसाठी कशी सोडणार? त्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि उभा राहिला.

पाकळी पडेना.

बुधा देवळाच्या दारात आला. "सोनू, पाणी उतरता हा."

"देवान अजून सांगूक नाय."

"होडी चिखलात बसली तर देव येतलो ढकलूक?"

सोनूने मान वळवली नाही. द्वारकीचा आवाज काठावरून देवळापर्यंत येत होता. काही जण सांगतात, ती 'बाबा, बाबा' अशा हाका मारत होती. काही म्हणतात, तिला शब्दांचं भान राहिलं नव्हतं. यातलं पहिलं खोटं असावं, असं मला फार वाटतं.

बुधा पुन्हा आला. हातातलं वल्हं त्याने दाराला टेकवून ठेवलं. खाडी ओसरली होती, होडी कुशीवर कलंडून चिखलात रुतली होती. आणि मग, म्हणे, दोघांच्या डोळ्यांदेखत उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. घेऊन जा.

सोनू धावत काठावर आला. माणसं खाट खांद्यावर घेऊन चिखलात उतरली, कमरेपर्यंत रुतली आणि मागे फिरली. पुढची भरती यायच्या आत द्वारकी गेली. मूलही गेलं.

तेरावं झाल्यावर सोनू देवळात आला. लोकांना वाटलं, आता हा देवाला शिव्या घालणार. त्याने नेहमीसारखी अंघोळ घातली, फूल वाहिलं आणि हात न जोडता निघाला.

"सोन्या, देवावर रागावलंस?" कुणीतरी विचारलं.

"रागावाक समोर कोणतरी होयो."

"मग पूजा कशाक करतंस?"

"दगडावर धूळ बसता."

देव न मानणारा गुरव ठेवावा की काढावा, या पेचात गाव पडलं. आता आपली माणसं बघा, याचा निकाल मागायला ती शेजारच्या गावच्या देवाकडे कौल लावायला गेली! तिथे उजवी पाकळी लावताक्षणी पडली: ठेवा. सगळे खुशीत परतले आणि सोनूला सांगितलं. तो कळशी घासत होता. "आज बरो येळ गावलो त्याका," म्हणाला आणि घासत राहिला. पुन्हा त्याने कौल लावला नाही, त्याच्या मागून कुणी लावला नाही.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा पूजा पुतण्याकडे आली. "काका, जाता जाता तरी एकदा हात जोडा," पुतण्या म्हणाला.

"जोडतंय. आणि काय सांगू?"

पुतण्याने त्याचं पांघरूण सारखं केलं. म्हाताऱ्याने कूस वळवली. दुसऱ्या दिवशी पुतण्या पूजेला उभा राहिला, तर त्याचेही हात जुळले नाहीत.

आजही गावात कुणा बाईला कळा सुरू झाल्याचं कळलं, की गुरव हातातली पूजा तशीच टाकतो, कुणी आत विचारायला जाऊ नये म्हणून देवळाचं दार ओढून कडी घालतो आणि दाराकडे पाठ करून पायरीवर बसतो. पूल झाला, गाड्या आल्या, तरी बसतो. बरी बातमी आली की उठून दार उघडतो. वाईट आली तरी उघडतो. देवाला मात्र दोन्हीतलं काही सांगत नाही.