चाकांची बॅग आणि पाण्याचा खड्डा

"पण तात्या, चाकं मोठी बघायची की दांडा मजबूत बघायचा?"

तात्या अवटी मैदानाच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्रांसाठी खेळांचे फोटो काढले. आता हात थरथरत, म्हणून कॅमेरा सुटला होता. पायरी सुटली नव्हती.

प्रश्न विचारणारे विद्याधर केळुसकर त्यांचे शिष्य. वय एकाहत्तर. पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरेट परदेशातली. त्यांच्या शेजारी एक नवी कोरी बॅग उभी होती. काळी, टणक, चाकांची, सामानानं भरलेली. मांडीवर वही होती.

"वहीत काय आहे?"

"तुलना. एकवीस बॅगांची. चाकाचा व्यास, चेनची जाडी, रिकामी असतानाचं वजन, पाऊस किती सोसेल... आठ महिने लागले. तरी वाटतं, चुकलंच असेल काहीतरी."

"अजून एक महिना थांबला असतास तर बाळंतपण झालं असतं."

केळुसकर हसले नाहीत.

"मणका गेलाय, तात्या. डॉक्टर म्हणाले, पाच किलोंच्या वर उचलायचं नाही. दोन कॅमेरे, मोठी लेन्स, स्टँड, बॅटऱ्या... अठरा किलो होतात. ओढूनच न्यायला हवं ना? आणि भर मैदानात चाक निखळलं तर?"

"तर काय होईल?"

"शर्यत हुकेल."

तात्यांनी तळहातावरची फोलपटं फुंकून उडवली.

"मी बाजाराच्या पिशवीत घालून न्यायचो. वर मेथीची जुडी. चोरसुद्धा वळून बघायचा नाही."

"तुमचा काळ वेगळा होता. तुमची लेन्स एवढीशी होती."

"हो. एवढीशीच होती."

...

"पुढची शर्यत कधी आहे?" तात्यांनी विचारलं.

"कुणाची? अंकिताची?"

"दुसऱ्या कुणाचे फोटो काढतोस तू?"

अंकिता ढेबे डोंगरातल्या वाडीवरची. अडथळ्यांची शर्यत धावायची. लाकडी अडथळे, मध्ये पाण्याचा खड्डा, साडेसात फेऱ्या. ती शाळेत होती तेव्हापासून केळुसकर तिचे फोटो काढत होते. नऊ वर्षं. तिच्या घरात भिंतीवर देवाची तसबीर एक आणि केळुसकरांनी काढलेले फोटो अकरा.

"झाली," केळुसकर म्हणाले. "रविवारी."

"बॅग कधी आली?"

"सोमवारी."

तात्यांनी एक शेंग फोडली. ती रिकामी निघाली. त्यांनी दुसरी घेतली.

"घरी येऊन सांगून गेली होती, तात्या. 'सर, गुडघा संपला माझा. ही शेवटची. तुम्ही असाल ना?' मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? रविवारी सकाळी सगळं सामान पलंगावर मांडलं. जुनी बॅग खांद्याला लावून बघितली. उठता येईना."

"एक कॅमेरा घेऊन यायचं होतंस."

"एकानं नीट आला नसता. लांबचा वेगळा, जवळचा वेगळा... तुम्हाला माहीत आहे."

"मग?"

"मग कुठला न्यायचा ते ठरवत बसलो. नऊ वाजले. मग साडेनऊ. शर्यत नऊची होती."

...

"तुम्ही होतात ना इथं?"

"होतो."

"कसं झालं? कुणी धड सांगत नाही. ती फोन घेत नाही. शेवटून दुसरी आली, एवढंच कळलं. असं कसं होईल?"

तात्या पुढची शेंग सोलू लागले.

"सांगा ना. निदान सांगा तरी."

"सहा फेऱ्या पुढं होती. सातवीला खड्ड्यात पडली. उठली. तोंडावरचं पाणी निपटलं. आणि बघितलं."

"कुठं?"

तात्यांनी बोट उचललं. बोट थरथरत होतं. पण ते नेमकं कुठं जातंय, याबद्दल शंका नव्हती. खड्ड्याच्या पलीकडे, धावपट्टीकडेच्या कठड्याच्या डाव्या टोकाला गवत दबून जमीन उघडी पडली होती. नऊ वर्षं केळुसकर तिथंच गुडघे टेकून बसत.

"किती वेळ बघितलं?"

"शर्यत हरण्याइतका."

केळुसकरांनी वही मिटली. पुन्हा उघडली. एका पानावर बराच वेळ बोट ठेवून बसले, पण वाचत नव्हते.

मग अगदी हळू म्हणाले, "ही परत करता येते. सात दिवसांची मुदत आहे. करू का परत?"

"चालते का नीट?"

"घरात चालते. फरशीवर."

"तिथपर्यंत ने."

"आता? मैदान रिकामं आहे, तात्या."

"दिसतंय मला."

केळुसकर उठले. दांडा ओढून लांब केला. पायऱ्यांजवळच्या सिमेंटवर बॅग सुरेख निघाली. पुढं धावपट्टीची बारीक काळी खडी लागली. चाळीसेक पावलांवर चाकं गच्च भरली. ती फिरेनात. केळुसकरांनी जोर लावला. बॅगेमागे जमिनीत दोन चर उमटले. मग बॅग जागची हलेना.

त्यांनी वाकून उचलायला बघितलं. एक हात चटकन कमरेवर गेला. ते तसेच वाकलेले राहिले... बराच वेळ.

मग त्यांनी दांडा सोडला. बॅग तिथंच ठेवून चालू लागले. कठड्याच्या डाव्या टोकाशी पोचले. कठडा धरून, एक एक करून, दोन्ही गुडघे टेकले.

"पोचलास?" तात्यांनी पायरीवरून हाक दिली.

"हो!"

"काय दिसतंय?"

"काही नाही, तात्या. पाणी सोडून दिलंय. तळाला चिखल आहे नुसता."

"मग फोटो काढ."

केळुसकरांनी मान वळवून मागे बघितलं. बॅग धावपट्टीच्या मधोमध उभी होती.

"कॅमेरा तिकडे राहिला... बॅगेत."

तात्यांनी कपाळावर हात आडवा धरून मावळतीकडे बघितलं.

"घाई कर, विद्याधर. उजेड चाललाय."