बारशाला आलेली आत्या

बाजाराच्या एका गावात तुळशीराम शिंपी बायकोसह सगुणाकाकूंच्या घरात भाड्याने राहत होता. पुढे शिवणयंत्र, मागे दोन खोल्यांत संसार. काकू बोलायला कडक, मनाने मऊ. त्यांची अट एकच होती. घरात माणूस वाढवायचा तर आधी त्यांना विचारायचं.

एकदा भिकू नावाचा गवंडी दिवस भरत आलेल्या बायकोला, अनसूयेला, घेऊन कामासाठी त्या गावात आला. त्यांना कुठे जागा मिळेना. तुळशीरामला दया आली, हे खरं. मागची एक खोली दिली तर चार पैसे सुटतील, हेही त्याच्या मनात आलंच. काकूंना विचारायला मात्र जीभ रेटेना. त्या नाही म्हणाल्या तर? त्याने सरळ सांगून टाकलं, "माझी बहीण अनसूया बाळंतपणाला आलीय, काकू." अनसूयेलाही बजावलं, "मला दादा म्हणत जा."

अनसूयेला मुलगी झाली. काकूंना तिला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. त्यांनी डिंकाचे लाडू वळले, बाळाला न्हाऊमाखू घातलं. त्यांना स्वतःला लेकरू नव्हतं. तुळशीरामला ते बघवत नसे, पण आता सांगायचं कोणत्या तोंडाने?

आमचा हा शहाणा एक गोष्ट विसरला होता. बारशाला नाव ठेवायला आत्या येते. भिकूची बहीण आली, तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, "आता मामाच्या मांडीवर द्या."

"कुठला मामा? वहिनीला भाऊच नाही," आत्या म्हणाली. "हे तर घरमालक. आमचा भिकू यांना भाडं देतो."

पाळण्याची दोरी काकूंच्या हातातच राहिली.

संध्याकाळी त्यांनी तुळशीरामला बोलावलं. "विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं मी. बाळंतीण सव्वा महिना इथेच राहील. तू मात्र दुसरी जागा बघ."

तुळशीराम पाया पडला, रडला. काकूही रडल्या, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

बाजाराच्या गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? तुळशीराम दारोदार फिरला. एका घरमालकाने खोली दाखवली नि विचारलं, "घरात कोण कोण?"

"मी आणि बायको. दोघंच."

ते अगदी खरं होतं.

"असं तू म्हणतोस," मालक म्हणाला, आणि त्याने किल्ली पुन्हा कनवटीला खोचली.

तात्पर्य: ज्याने विश्वासाने घर दिलं, त्याच्यापासून लपवून केलेला उपकारही फसवणूकच ठरतो, आणि एकदा विश्वास गेला की खरं बोलूनही दार उघडत नाही.