कादंबरीतला मास्तर

“मग ह्यातला मास्तर म्हंजे मीच न्हवं?”

बाळाप्पाने हे विचारलं तेव्हा शशिकांत तोडकरच्या मांडीवर कादंबरीचं बाड उघडं होतं आणि वाचून वाचून त्याच्या घशाला कोरड पडली होती.

“तुम्हीच,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि भिजलेले वाल पुन्हा सोलायला घेतले. दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. काम बोटंच करत होती. कृष्णाकाठच्या या मठात प्रसादाच्या स्वयंपाकाला हातभार लावायचा आणि ओसरीवर पडून राहायचं, एवढंच आता त्याच्यापाशी उरलं होतं.

एके काळी याच बाळाप्पाच्या शब्दावर एका बड्या हॉटेलचा भटारखाना चालायचा. शशिकांत तिथे कांदे चिरायला लागला, आणि पुढे मास्तरच्याच जागेवर बसला. आता त्याचं स्वतःचं हॉटेल होतं, पेपरात फोटो येत होते. त्यात ही कादंबरी. प्रकाशक छापायला तयार होता. पण छापण्याआधी शशिकांतला ती एकाच माणसाला ऐकवायची होती. ऐकताना त्याचा चेहरा बघायचा होता.

तो चेहरा काही हलत नव्हता.

रस्सा खाली लागला म्हणून मास्तरने शिकाऊ पोराचा तळवा तापल्या पातेल्याला टेकवून धरला, सगळा भटारखाना बघत होता, हे वाचून झालं. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने मिरच्या वाटायला लावल्या, तेही झालं. पुढे मास्तरची नजर अधू होत गेली. पोराने ते ओळखलं, गोडीगुलाबीने त्याच्या चुका झाकल्या, आणि वरची जागा जवळ दिसू लागताच सगळं मालकाच्या कानावर घातलं. मास्तर रस्त्यावर आला.

“मी मलासुद्धा सोडलेलं नाही,” शशिकांत म्हणाला. बोलण्यात ताठा होता.

“खरं लिवलंस,” बाळाप्पा म्हणाला. “मी तसाच हुतो.”

...

शशिकांतची पंचाईत झाली. म्हाताऱ्याने नाकबूल केलं असतं तर भांडता आलं असतं. रडला असता तर माफ करता आलं असतं. दोन्हीची तयारी करून तो आला होता. याची नव्हती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हॉटेलातून होता. रेवती नावाच्या नव्या आचारी मुलीच्या हातून लग्नाच्या पंगतीचा पुलाव करपला होता.

शशिकांतने आवाज चढवला नाही. सगळ्यांना हातातली कामं थांबवायला सांगितली. तिला मधोमध उभी करा, म्हणाला. तो करपलेला भात तिने सगळ्यांसमोर खायचा, मी येईपर्यंत. रडली तरी खायचा.

फोन खिशात टाकून तो शेवटचं प्रकरण शोधू लागला. ते त्याने वाचलं. म्हाताऱ्याने वाल सोलत ऐकून घेतलं.

“मास्तर, तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?” शेवटी त्यानेच विचारलं. “इतकी वर्षं मी हे...”

त्याने बाड मिटलं.

बाळाप्पाने वालांचं ताट बाजूला सारलं. चाचपडत शशिकांतचा उजवा हात धरला. तळव्यावरची ती जाड, गुळगुळीत झालेली कातडी अंगठ्याने शोधून काढली आणि अंगठा तिथेच ठेवला...

आता हा माफी मागणार, असं शशिकांतला वाटलं. त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या हाताची शरम वाटली नाही.

“तुझ्या हाताखाली किती मानसं हायेत?” म्हाताऱ्याने विचारलं.

“चाळीसेक असतील. का?”

...

“त्यातलं कोन लिवतंय?”